चीक : वासराचा, बाळाचा आणि डब्यातला



निमंत्रणपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव फार भारदस्त छापले आहे, "गाईच्या चिकातील प्रतिद्रव्ये आणि मानवी आरोग्य". ते वाचून कोणी वैद्यकातला पदवीधर बोलणार अशी समजूत झाली असेल, तर ती आधीच दूर करतो. मी सातवीपर्यंत शिकलेला, लहानपणी यंत्रमागावर कांड्या भरलेला आणि पुढची सारी वर्षे यंत्रमाग व विडी कामगारांच्या संघटनेत घालविलेला माणूस आहे. शास्त्र मी वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो, आणि न समजलेले डॉक्टरांना व गुरांच्या दवाखान्यात विचारून घेतले. मात्र एक सवय चळवळीने लावली आहे. कामगाराला कोणी काही विकावयास आले, की विचारावयाचे : यात आहे काय, ते तपासले कोणी, आणि कशाशी ताडून पाहिले?

या विषयाकडे मी ओढला गेलो तो एका डब्यामुळे. आमच्या संघटनेतील एक विडी वळणारी बाई (मी त्यांना अक्का म्हणतो, त्या मला अण्णा) एके दिवशी कचेरीत आल्या त्या पदराखाली एक चकचकीत डबा घेऊन. डब्यावर गाईचे आणि गुटगुटीत बाळाचे चित्र. आत पिवळसर भुकटी. म्हणाल्या, "अण्णा, हे गाईचं चीक हाय म्हणं. सुनंला बाळ झालंय, त्याला शक्ती येतीय म्हणून घेतले. संघटनेच्या निधीतनं पैसं मिळतील का ओ?" किंमत विचारली. चौदाशे रुपये. म्हणजे आठ दिवस सुपावर मान मोडून वळलेल्या विड्या, त्यातही छाट कमी निघाली तर. बचत गटातून उचल काढून डबा आणला होता. वस्तीतल्याच एका घरी सभा भरवून कोणी तो खपविला होता.

मी सहज विचारले, "अक्का, सुनेचा चीक बाळाला पाजला का?" त्या म्हणाल्या, "छे ओ. पयल्या तीन दिवसाचं दूध घट्ट, पिवळं असतंय, पोटाला बाधतंय. ते पिळून टाकलं. मध चाटविला."

त्या दोन वाक्यांत आजचे सारे व्याख्यान आहे. घरात फुकट आलेला चीक मोरीत गेला आणि गाईचा चीक उधारीने विकत आला. अक्कांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या सासूने त्यांना हेच शिकविले आणि डबा विकणारीने नेमके त्याच्या उलट सांगितले. दोन्ही त्यांनी विश्वासाने ऐकले.

आता मूळ वस्तूकडे येऊ. चीक म्हणजे काय हे मंद्रूपच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. आपण सीना आणि भीमा यांच्या मधल्या मुलखातले. इथे खिलार गाय आणि पंढरपुरी म्हैस घरच्या माणसासारख्या. गाय व्याली की शेजारीपाजारी खरवसाच्या वाट्या जातात. आपल्याकडे मराठी घरात तो खरवस, कानडी घरात गिण्ण आणि सोलापूरच्या तेलुगू विणकरांच्या घरात जुन्नू. चव तिन्ही भाषांत एकच. पण खरवस गोठतो का, याचा विचार आपण कधी केला आहे काय? साधे दूध कितीही उकळले तरी त्याची वडी पडत नाही. चिकाला नुसती वाफ दिली की तो थिजतो, विरजण नाही की लिंबू नाही. याचे कारण, उष्णतेने अंड्यासारखी गोठणारी प्रथिने चिकात भरपूर असतात, आणि त्यांतला फार मोठा भाग म्हणजेच आजच्या विषयातली प्रतिद्रव्ये. गाईच्या पहिल्या धारेच्या चिकात ती लिटरला साधारण 50 ते 100 ग्रॅम असतात. आठवड्याभरात दूध "निवळते" तेव्हा लिटरला एक ग्रॅमच्या आसपास, किंवा त्याहून कमी, उरतात. ज्याला आपण वडी म्हणून खातो तो बराचसा गाईच्या रोगप्रतिकाराचा साठा असतो. अर्थात् शिजल्यावर ती प्रतिद्रव्ये निकामी होतात. खरवस हे उत्तम अन्न आहे, औषध नव्हे.

प्रतिद्रव्य म्हणजे काय ते गिरणीच्या फाटकाच्या भाषेत सांगतो. रोगजंतू वा विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याची ओळख पटवून घेते आणि नेमक्या त्यालाच धरणारे प्रथिन तयार करते. फाटकावरचा पहारेकरी जसा एकाच माणसाचा चेहरा पाठ करून बसावा, तसे हे काम आहे. गोवराला धरणारे प्रतिद्रव्य धनुर्वाताला धरीत नाही. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब हिच्यावर आहे. "प्रतिकारशक्ती वाढविणारे" असे जे सरसकट लिहितात, त्यांना विचारावे लागते : कोणाविरुद्ध?

आता गाईला एवढा साठा चिकात ओतण्याची गरज का पडली? माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातील प्रतिद्रव्यांचा एक मोठा हिस्सा पोटात असतानाच वारेतून मिळतो. गाईची वार निराळ्या बांधणीची. तिच्यातून ही प्रतिद्रव्ये पलीकडे जातच नाहीत. वासरू जगात येते ते जवळजवळ रिकाम्या हाताने. म्हणून विण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत गाय आपल्या रक्तातील प्रतिद्रव्ये कासेत जमवीत राहते आणि व्यायल्याबरोबर ती चिकातून वासराला देते. वासराच्या आतड्याची दारेही त्या वेळी उघडी असतात. ही मोठी प्रथिने न पचता तशीच रक्तात जातात. पण दारे फार वेळ उघडी राहत नाहीत. तासातासाला ती लोटली जातात आणि सुमारे 24 तासांत बंद होतात. त्यानंतर पाजलेला चीक पोषण करील, पण रक्तात पहारेकरी पोचविणार नाही. 1922 साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि लिटल या दोघांनी काही वासरांना चीक पाजला, काहींना मुळीच दिला नाही. न मिळालेल्यांतली बहुतेक थोड्याच दिवसांत दगावली. हे समजण्यासाठी अमेरिकेपर्यंत जावयाला नको होते, पण मोजून दाखविल्याशिवाय जग मानीत नाही.

इथे एक घरचे गाऱ्हाणे सांगतो, विषयांतर झाले तरी चालेल. आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी वार पडल्याशिवाय वासराला कासेला सोडीत नाहीत. वार पडायला सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. म्हणजे दारे उघडी असण्याच्या वेळेतला सर्वांत मोलाचा भाग आपण वासराला दावणीला बांधून घालवितो. उलट वासरू कासेला लुचले तर वार पडण्यास मदतच होते. पहिल्या एक-दोन तासांत वासराच्या मुखी चीक गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या निदान दहावा हिस्सा, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर तरी. खरवसासाठी भांडे पुढे करावयाचे ते त्याच्या नंतर. दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही खरवस होतो, जरा पातळ होतो इतकेच.

असो. एका प्राण्याने तयार केलेली प्रतिद्रव्ये दुसऱ्याच्या उपयोगी पडतात, हे माणसाने केव्हा ओळखले? 1890 साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखविले, की घटसर्प वा धनुर्वाताचे विष सोसून तरलेल्या प्राण्याच्या रक्तजलाने दुसरा प्राणी वाचविता येतो. पुढे यासाठी घोडे पाळण्यात आले. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मुंबईची हाफकीन संस्था 1899 साली प्लेगच्या प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झाली, आणि घोड्याच्या रक्तजलापासून सर्पदंशावरचे औषध करण्याच्या कामातले हे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत माहीत आहे. उसाच्या फडात नाग वा घोणस चावलेला माणूस वाचतो तो घोड्याने तयार केलेल्या प्रतिद्रव्यांवर. मंत्राने वाचला असे नंतर कोणी म्हणो.

दुधातूनही हा वारसा जातो हे 1892 साली पाउल एर्लिख यांनी उंदरांवर दाखविले. विषाला तयार केलेल्या उंदरिणीची आणि साध्या उंदरिणीची पिल्ले त्यांनी जन्मतःच अदलाबदल केली. दाईचे दूध प्यालेल्या परक्या पिल्लांनाही संरक्षण मिळाले. प्रयोग किती साधा, पण प्रश्न किती नेमका विचारलेला! मला अशा प्रयोगांचा फार आदर वाटतो.

मग 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात पीटरसन आणि कॅम्पबेल यांना वाटले, घोड्याचे रक्त काढण्याऐवजी गाईलाच माणसाच्या रोगजंतूंची लस टोचली तर? तिच्या चिकात नेमकी माणसाला हवी ती प्रतिद्रव्ये उतरतील, आणि गाय एका वेताला ती किलोच्या हिशेबाने देईल. 1955 साली त्यांनी ही कल्पना जगापुढे मांडली. कल्पना उत्तमच होती. पुढच्या वर्षांत तिची जी कसोटी लागली ती सांगण्यासारखी आहे.

1988 साली अमेरिकेत वीस धडधाकट स्वयंसेवकांना जुलाब करणारे कोलाय जंतू मुद्दाम पाजण्यात आले. दहाजणांना त्या जंतूंविरुद्ध तयार केलेल्या गाईच्या दुधातील प्रतिद्रव्ये आधी दिली होती, दहांना तशाच दिसणाऱ्या पण त्या जंतूंशी संबंध नसलेल्या. दुसऱ्या गटातल्या दहांपैकी नऊ जणांना जुलाब झाले, पहिल्यात एकालाही नाही. 1989 साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या डॉक्टरांनी रोटा विषाणूविरुद्ध तयार केलेला चीक रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांना दिला. तो न मिळालेल्या 65 मुलांपैकी 9 जणांना रुग्णालयातच रोटाची लागण झाली; चीक मिळालेल्या 55 पैकी कोणालाही नाही. 1998 साली ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राने याच विषाणूने आजारी पडलेल्या मुलग्यांना असा चीक दिला. त्यांचे जुलाब कमी झाले आणि विषाणू लवकर गेला.

ढाक्याच्या प्रयोगातील दुसऱ्या गटाकडे मात्र माझे विशेष लक्ष गेले. त्या मुलांना नुसते पाणी दिलेले नव्हते. त्यांनाही गाईचा चीकच दिला होता. फरक एवढाच, की त्या गाईंना लस टोचलेली नव्हती. म्हणजे अक्कांच्या डब्यातला चीक! आणि त्याने तो गुण आला नाही. गाय ज्या रोगांना भेटली त्यांचेच पहारेकरी तिच्या चिकात असतात. आपल्या वस्तीतल्या पोरांना छळणाऱ्या जंतूंचे चेहरे तिने पाहिलेले असतील तर असतील, नसतील तर नाही. मुद्दाम शिकवून तयार केलेला चीक ही एक वस्तू आणि दुधाच्या टाकीतून आलेल्या चिकाची भुकटी ही दुसरी. पहिल्याची कीर्ती सांगून दुसरी विकणे हा व्यापार आहे.

शिकवलेल्या चिकालाही मर्यादा आहेतच. 2000 साली बांगलादेशातल्याच मुलांवर कोलाय जंतूंच्या जुलाबांसाठी असा प्रयोग पुन्हा झाला. तो उपचाराचा होता, आजार झाल्यावरचा, आणि त्यात म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. कारण समजण्यासारखे आहे. पहारेकऱ्याचा उपयोग चोर फाटकावर असताना. तो कोठारात शिरून विष पसरवून बसल्यावर फाटकावर कितीही माणसे उभी करून काय होणार? शिवाय ही प्रतिद्रव्ये काम करतात ती फक्त आतड्याच्या नळीत. वासराची दारे पहिल्या दिवशी उघडी असतात. अक्कांच्या नातवाची काय किंवा तुमची-माझी काय, तशी दारे उघडी नाहीत. काही प्रतिद्रव्ये जठरातल्या आम्लाने आणि पाचक रसाने तुटतात, काही तगून आतड्यापर्यंत पोचतात, आणि तिथून बाहेर जातात. रक्तात जाऊन ती सांधेदुखी, मधुमेह किंवा क्षय बरा करतील, हे त्यांच्या रचनेतच बसत नाही. धावपटूंवरच्या काही लहान प्रयोगांत चिकाच्या भुकटीने सर्दीपडशाचे दिवस थोडे कमी झाल्याचे आढळले आहे, ते मी लपवीत नाही. पण त्यावरून डब्यावरचे चित्र खरे ठरत नाही.

विकणारे दोन दाखले फार देतात. पहिला साबिन यांचा. पोलिओचे थेंब शोधणाऱ्या साबिन यांनी म्हणे ते चिकापासून केले. खरी गोष्ट अशी, की 1950 साली साबिन यांना माणसाच्या आणि काही गाईंच्या दुधात पोलिओला विरोध करणारे द्रव्य आढळले. त्यांची लस मात्र दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूची, माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढविलेली. चिकाशी तिचा संबंध नाही. दुसरा दाखला आपल्याच देशातला आहे. 2006 साली एका भारतीय बालरोग नियतकालिकात 605 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार सर्दी-खोकला वा जुलाब होणाऱ्या या मुलांना 12 आठवडे गाईचा चीक दिला आणि आजार फारच कमी झाले. आकडा मोठा आहे, पण चीक न मिळालेल्या मुलांचा दुसरा गट ताडून पाहावयास नव्हता.

हे इथल्या मागवाल्यांना मी पटकन समजावू शकतो. उन्हाळ्यात हवा कोरडी, सूत सारखे तुटते. समजा मे महिन्यात, तुटातूट शिगेला असताना, कोणी तुम्हांला एक तेल विकले आणि म्हणाला, तीन महिने वापरून पाहा. जून-जुलैत पाऊस येतो, हवेत ओल येते, सूत तुटणे आपोआप कमी होते. श्रेय कोणाला? तेलाला! शेजारच्या मागावर तेल न घालता तुटातूट मोजली असती तरच कळले असते. मूल फार आजारी असते तेव्हाच आईबाप उपाय शोधतात, आणि फार आजारी असण्याचे दिवस तसेही सरतात. मूल वर्षावर्षाला मोठे होते, स्वतःच लढायला शिकते. म्हणून दुसरा माग पाहिजे.

2020 आणि 2021 या साथीच्या वर्षांत "प्रतिकारशक्ती" हा शब्द पानटपरीपर्यंत पोचला. त्याच्या आधाराने काय काय विकले गेले त्याची यादी करावयाची तर दुसरे व्याख्यान लागेल.

आता अक्कांच्या सुनेकडे येतो. माणसाच्या बाळाला रक्तातली प्रतिद्रव्ये वारेतून मिळतात हे मी सांगितले. मग आईचा चीक कशासाठी? तर आतड्यासाठी. आईच्या चिकात एका निराळ्या जातीची प्रतिद्रव्ये भरलेली असतात. ती रक्तात जाण्यासाठी नसतातच. बाळाच्या घशाला, आतड्याला आतून लेप द्यावा तशी ती पसरतात, आणि पचनात सहजासहजी तुटणार नाहीत अशा बांधणीची असतात. मुख्य म्हणजे ती कोणाविरुद्ध असतात? त्या आईने त्या घरात, त्या हौदाच्या पाण्यात, त्या मोरीशेजारी जे जंतू पाहिले त्यांच्याविरुद्ध. बाळाला भेटणारे जंतू तेच. मिनेसोटाच्या शास्त्रज्ञांनी गाईला लस टोचून जे साधण्याचा प्रयत्न केला, ते आईच्या शरीराने न टोचता केलेले असते. चीक पिवळा आणि दाट दिसतो तो या प्रथिनांमुळे व अ जीवनसत्त्वाकडे जाणाऱ्या पिवळ्या द्रव्यामुळे. नासका म्हणून नव्हे. तो थोडा येतो, चमचा-दोन चमचे. पहिल्या दिवशी बाळाचे पोट तेवढेच मावण्याइतके असते. जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर तासाच्या आत छातीला लावण्यास आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, न देण्यास सांगते. मधाचे बोट तर टाळावेच. मधात कधी कधी एका घातक जंतूचे बीज असते, ते तान्ह्या आतड्यात रुजू शकते.

चीक ही शेवटी उचल आहे, हेही सांगितले पाहिजे. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी मिळते तशी. उचलीवर दिवस निभावतात, पण ती सरते. आईची प्रतिद्रव्येही काही महिन्यांत ओसरतात. स्वतःची कमाई सुरू होते ती लशीने. ज्या रोटा विषाणूसाठी ढाक्यात गाईंना लस टोचली, त्याच्यावरची लस आज थेट बाळालाच तोंडाने देता येते. 2016 पासून ती आपल्या राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. देशात बनलेल्या अशा दोन लशींपैकी एक पुण्याची आहे. सरकारी दवाखान्यात तिला पैसे पडत नाहीत. आणि जुलाब झालेच तर मीठ-साखरेच्या पाण्याची ती पुडी. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिने हजारोंचे प्राण राखले. चौदाशे रुपयांत अशा किती पुड्या येतील याचा हिशेब तुम्हीच घरी करा.

कच्च्या चिकाविषयी कोणी विचारील म्हणून सांगतो. आजारी जनावराचा कच्चा चीक वा दूध प्याल्याने सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसाला ताप आणतो, क्षयही येऊ शकतो. तेव्हा माणसाने शिजवूनच खावे. ज्याला दूध सोसत नाही त्याने खरवसापासूनही दूर राहावे.

संघटनेच्या निधीतून मी अक्कांना डब्याचे पैसे दिले नाहीत. ते सांगताना मला जड गेले, आणि त्यांनाही ऐकताना. विकणारीकडे दोघे मिळून गेलो. फोडलेला डबा परत घेत नाही म्हणाली. डब्यावरच्या सूचनेत कोमट पाण्यात कालवा असे होते आणि तिने अक्कांना सांगितले होते, उकळत्या दुधात घाला. म्हणजे काही प्रतिद्रव्ये शिल्लक असतीलच तर तीही गेली. मी सुनेशी बोलण्यासाठी दवाखान्यातल्या परिचारिकेला घेऊन घरी गेलो. बाळ तोवर नऊ दिवसांचे झाले होते. चीक गेला तो गेला. पण दूध येत होते, ते वरच्या दुधाशिवाय पुरेल असे परिचारिकेने बसून, पदर सावरून, दाखवून दिले. डब्यातली उरलेली भुकटी थोरल्या नातवाने साखर घालून चाटून संपविली.

गेल्या पावसाळ्यात अक्कांच्या धाकट्या सुनेचे दिवस भरले. रात्री दोनला फोन आला. मला वाटले रिक्षा हवी असेल. अक्का म्हणाल्या, "अण्णा, मुलगी झाली. लावली बघा तासाच्या आत."